रात्री अकरा वाजता तापलेली भिंत

टोमॅटोच्या फुलाच्या देठावर, मध्याच्या सुमारास, एक बारीकशी गाठ असते. फळ धरणार असेल तर ती गाठ हिरवी आणि टणक राहते; धरणार नसेल तर आधी ती पिवळी पडते आणि मग बोट नुसते लागले तरी फूल त्या गाठीपाशी सुटून अलगद हातात येते. यंदा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रोज सकाळी मी अशी फुले वेचत होते. एके दिवशी मोजली, तर एकोणचाळीस भरली. बारा झाडे, कमरेपर्यंत वाढलेली, पाने हिरवीगार, आणि आठ झाडांवर एकही फळ नाही.

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत आमचे घर आहे आणि घरामागे वीस फूट लांब, अकरा फूट रुंद एवढे परस आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, हे परस चाळीस वर्षे राखले. हिवाळ्यात मेथी, पालक, मटार आणि वालाच्या शेंगा. होळीच्या सुमारास भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका आणि गिलकी (म्हणजे घोसाळी), हा त्यांनी घालून दिलेला क्रम मी आजवर मोडलेला नाही. टोमॅटोची रोपे मी जानेवारीच्या अखेरीस लावते. ती मार्चमध्ये फुलावर येतात आणि मेच्या मध्यापर्यंत घरातल्या पाच माणसांना पुरतील इतके टोमॅटो देतात. यंदा मात्र हंगामाची घडी सुरुवातीलाच विस्कटली. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, परतत असतानाच आभाळ भरून आले आणि बोराएवढ्या गारा पडल्या. काकडीच्या पानांची चाळण झाली, दोडक्याचे दोन वेल मोडले. त्यानंतर आठवडाभरातच ऊन असे चढले की मार्च संपायच्या आत पंखे रात्रभर फिरू लागले.

फुले गळू लागली तेव्हा माझ्या हातून जी चूक झाली, ती बहुतेकांच्या हातून होते, म्हणून ती सांगते. दुपारी पाने माना टाकत, ते पाहून मी पाणी वाढवले. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. हे पाणी जलूदहून, जवळजवळ सत्तर किलोमीटरवरून पठारावर चढवून आणले जाते आणि १९७८ पासून या शहराची तहान त्यावर भागते आहे, याची जाणीव ठेवून मी एरवी ते फार जपून वापरते. यंदा मात्र सकाळ-संध्याकाळ झाऱ्या ओतल्या, आणि वर शेणाचे पातळ पाणीही दिले. माळव्याच्या काळ्या मातीला एवढे पाणी सोसत नाही. वरून ती भेगाळलेली दिसत असली तरी वीतभर खाली ती ओल धरून बसलेली असते. खालची पाने पिवळी पडली, शेंडे मात्र जोमाने वाढले, आणि फुले पूर्वीपेक्षा अधिक गळू लागली. सासूबाई ओट्यावर बसून हे सारे पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, त्याला तहान लागली आहे की ताप आला आहे, ते आधी बघ."

मी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहिले. माती गार आणि ओली होती. म्हणजे तहान नव्हती.

अण्णांचा एक जुना उष्णतामापक अजून परसातल्या खांबावर आहे. त्यात दिवसातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी, अशी दोन्ही तापमाने कळतात. अण्णा रोज सकाळी ती दिनदर्शिकेच्या चौकटीत शिसपेन्सिलीने लिहीत असत. त्यांच्या माघारी मी ती सवय चालू ठेवली आहे. त्या संध्याकाळी जुन्या दिनदर्शिका काढून बसले. वरच्या आकड्यांत मोठा फरक नव्हता; एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ अंश इंदूरला नवे नाहीत. फरक खालच्या आकड्यांत होता. अण्णांच्या चौकटींत एप्रिलच्या पहिल्या आठवड्याला १८, १९, १९, २० असे आकडे होते. माझ्या चौकटींत २४, २५, २५, २६ असे होते.

टोमॅटोच्या बाबतीत दिवसापेक्षा रात्रीचा आकडा पाहावा लागतो, हे मी वाचले होते, पण वाचलेले वेळेवर आठवत नाही. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचे २१ ते २४ अंशांच्या वर सतत राहिले, तर टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत. झाले तरी ते रुजत नाहीत, आणि फलन न झालेले फूल झाड त्या गाठीपाशी सोडून देते. त्यातही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की परागकणांचे नुकसान फूल उमलल्यावर होत नाही, ते उमलण्याच्या आधी आठ ते तेरा दिवसांच्या काळात, कळी मिटलेली असतानाच होऊन गेलेले असते. आज गळणारे फूल हे दहा दिवसांपूर्वीच्या रात्रींचा हिशेब देत असते. मी आजच्या फुलाला आजचे पाणी घालत होते.

ज्या प्रदेशाची रात्र 'शब-ए-मालवा' म्हणून बनारसच्या सकाळीच्या आणि अवधच्या संध्याकाळीच्या जोडीने नावाजली गेली, तिथे रात्रीमुळे पीक बुडावे, याचे मला खरोखर वाईट वाटले. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरचे हे पठार. दिवस कितीही तापला तरी रात्री अंगावर चादर घ्यावी लागे, असे सासूबाई सांगतात, आणि मी लग्न होऊन आले तेव्हाचे मलाही आठवते.

पण बाराही झाडांची स्थिती सारखी नव्हती. दक्षिणेच्या टोकाला, जिथे कुंपण अजून तारेचे आहे, तिथल्या चार झाडांवर सहा-सात फळे धरलेली होती. उरलेली आठ झाडे पूर्वेच्या नव्या भिंतीच्या कडेने होती. गेल्या वर्षीपर्यंत तिथे करवंदाची जाळी होती. आता सात फूट उंच, सिमेंटचा गिलावा केलेली भिंत आहे, आणि दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत सारे ऊन तिच्यावर पडते. रात्री अकरा वाजता मी परसात जाऊन त्या भिंतीवर हात ठेवला. भाकऱ्या आटोपल्यावर बऱ्याच वेळाने तवा जसा असतो, तशी ती होती: चटका बसत नव्हता, पण ऊब हाताला लागून राहत होती. उष्णतामापक खांबावरून काढून भिंतीजवळच्या झाडात टांगला, तासाभराने पाहिला, मग तारेच्या कुंपणाकडे नेऊन तसाच टांगला. भिंतीजवळ साडेसव्वीस, कुंपणाजवळ साडेतेवीस. अकरा फूट रुंद जागेत तीन अंशांचा फरक होता, आणि टोमॅटोच्या दृष्टीने फळ धरणे किंवा न धरणे त्या तीन अंशांतच होते.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी आणि मी मिळून धान्याची रिकामी गोणपाटे उसवली, बांबूच्या काठ्यांना बांधली आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगली, म्हणजे ऊन भिंतीवर न पडता गोणपाटावर पडेल आणि मधून हवा खेळेल. झाडांवर हिरवी जाळी धरली, ती अर्धे ऊन अडवणारी, दुपारी बारा ते साडेपाचपर्यंतच. सूर्य कलला की जाळी गुंडाळून ठेवायची, हा नियम मी कसोशीने पाळला, कारण रात्री मातीतली उष्णता उघड्या आभाळाकडे निघून जावी लागते आणि जाळी तिथे आड येते. पाणी पहाटे, तेही मुळाशी आणि दोन दिवसांतून एकदा. वाफ्यावर गव्हाचा भुसा चार बोटे जाड पसरला. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यात गव्हाची मळणी चालू असते, त्यामुळे तो सहज मिळतो. भुश्याखाली मातीच्या भेगा चार दिवसांत बुजल्या. सकाळी नऊच्या सुमारास, फुले कोरडी असताना, झाडांचे आधार हलकेच हलवू लागले, म्हणजे जे काही चांगले पराग असतील ते त्याच फुलात खाली पडावेत.

हे सारे १७ एप्रिलला झाले. त्यानंतर नऊ दिवस फुले गळतच राहिली. हिशेब ठाऊक असूनही ते नऊ दिवस जड गेले. २७ तारखेला पहिल्यांदा एका घोसातल्या तीन फुलांच्या गाठी हिरव्या दिसल्या. पाकळ्या सुकून मागे वळल्या होत्या आणि आत मिऱ्याच्या दाण्याएवढे, किंचित लव असलेले, फिकट हिरवे फळ होते. मधल्या काळात चार रात्री वारा फिरला आणि तापमान २२ वर उतरले, त्याचाही यात वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण भिंतीजवळचा आकडा आता कुंपणाजवळच्या आकड्यापेक्षा एका अंशानेच जास्त असतो, आणि ते काम गोणपाटांचे आहे.

भुसा कुजून मातीत मिसळतो, त्यावरून खताविषयी. आमच्या परसाच्या कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा आहे आणि त्यात जे खत होते, त्या पद्धतीला साऱ्या जगात 'इंदूर पद्धत' म्हणतात, ही गोष्ट इंदुरातल्याच कितीतरी लोकांना ठाऊक नसते. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये इथे वनस्पती-संशोधनाची संस्था निघाली. आजच्या कृषी महाविद्यालयाचा तो परिसर. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, तीन वेळा उलटापालट करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येते. वाडांचे नाव क्वचितच कोणी घेते. अण्णा ते नेहमी घेत असत, म्हणून मीही इथे घेते.

आमच्याकडे जनावरे नाहीत, त्यामुळे शेणाची एक पाटी विकत आणते, बाकी सारा माल घरचा: भाज्यांची देठे, वाळलेली पाने, उपटलेले मटाराचे वेल. ही रीत साधी दिसते, पण तिचे मर्म उलटापालटीत आहे. आत हवा गेली नाही तर ढीग आंबतो आणि वास मारतो. हवा आणि ओल दोन्ही बेताने मिळाली की आठवड्याभरात त्यात हात घालवत नाही, इतका तो तापतो. मूठभर माल घट्ट पिळला असता बोटांच्या फटींतून पाण्याचा एखादाच थेंब यावा, एवढी ओल पुरे. उन्हाळ्यात खड्डा लवकर कोरडा पडतो, म्हणून डाळ-तांदूळ धुतलेले पाणी रोज त्याच्याकडे जाते. टोमॅटोचे जे वाफे या खतावर तीन-चार वर्षे पोसले आहेत, तिथली काळी माती हातात भुसभुशीत लागते आणि पहाटेचे पाणी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत धरून ठेवते. ज्या कोपऱ्याला खत कमी पडले, तिथे ती अजून ढेकळांची आहे.

दोडक्याच्या वेलाने वेगळीच चिंता लावली. गारांतून वाचलेल्या दोन वेलांवर पिवळीधमक फुले भरपूर आली, पण सारी नर. उष्णता वाढली की या कुळातल्या वेलांवर नर फुलांचे प्रमाण वाढते, हे माहीत असल्यामुळे मी वाट पाहिली. मेच्या पहिल्या आठवड्यात मादी फुले आली. त्यांच्या मागे करंगळीच्या पेराएवढा, शिरा उठलेला इवलासा दोडका असतो, त्यावरून ती लगेच ओळखू येतात. पण ती पिवळी पडून गळू लागली. गिलकीचे फूल पहाटे उमलते, म्हणून मधमाश्या त्याच्यावर येतात. दोडक्याचे फूल संध्याकाळी पाचनंतर उमलते, आणि त्या वेळी आमच्या परसात यंदा काहीच फिरकत नव्हते. तेव्हा मी रोज साडेसहाला परसात जाऊ लागले. घोसातले एक ताजे नर फूल खुडायचे, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतला परागांनी भरलेला भाग मादी फुलाच्या मधल्या भागावर अगदी हलक्या हाताने टेकवायचा; पिवळी भुकटी तिथे चिकटलेली डोळ्यांना दिसते. तिसऱ्या दिवशी मागचा दोडका वळून खाली झुकला, की समजावे की तो धरला. नऊपैकी सहा धरले.

भेंडी, गवार आणि चवळी यांनी मात्र काहीही त्रास दिला नाही. ऊन हेच त्यांचे अन्न आहे असे वाटावे, इतकी ती तरारली. मिरचीची पाने खालच्या अंगाला वळू लागली होती. पानामागे पाण्याचा जोरदार फवारा रोज पहाटे मारला, दोन रोपे काढून टाकावी लागली, बाकीची सावरली. काकडी मी सोडून दिली. गारांनंतर तिने उभारी धरलीच नाही, आणि उशिरा आलेल्या फळांत फळमाशीच्या अळ्या निघाल्या.

आज २४ मे. उद्या सूर्य रोहिणीत जाईल आणि इथल्या लोकांच्या तोंडी असलेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होईल. आठ झाडांवर मिळून एकवीस टोमॅटो आहेत, त्यांपैकी चार रंगावर आले आहेत. ते मी उद्या खुडून घरात पिकत घालणार आहे, कारण चाळिशीच्या वर पारा गेला की झाडावर त्यांना पुरता लाल रंग चढत नाही. गोणपाटे अजून पंधरा दिवस राहतील. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते आणि कुजणे थांबते, म्हणून मृग लागण्याच्या आत खड्ड्यातला सारा माल वर काढून जमिनीवर ढीग रचायचा आहे. भिंतीच्या पायथ्याशी करवंदाची सहा रोपे लावायची आहेत. खड्डे खणून झाले आहेत, तळाशी खत घातले आहे, आणि यजमान रोपवाटिकेत सांगून आले आहेत.