माँट्रियलचा निकाल आणि युमाचे गुडघे

२०२४ च्या मार्चमध्ये माँट्रियलला झालेल्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत पुरुषांची अंतिम फेरी तिकडे शनिवारी संध्याकाळी झाली आणि आपल्याकडे रविवारी, ऐन होळीच्या दिवशी, पहाटे दिसली. ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात होळीसाठी लाकडे रचलेली होती आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याला मोबाइल टेकवून, कानात हेडफोन घालून उभी होते. पाणी प्यायला उठलेल्या आईने "अगं, परीक्षा आहे का तुझी?" असे विचारले, ते अगदीच खोटे नव्हते. परवा ती फेरी पुन्हा सबंध पाहिली आणि माझे मत बदललेले नाही, म्हणून ते एकदाचे लिहून काढते आहे.

सुवर्णपदक अमेरिकेच्या इलिया मालिनिनलाच मिळायला हवे होते, याबद्दल वाद नाही. शॉर्ट प्रोग्रॅम या पहिल्या, छोट्या फेरीनंतर तो तिसरा होता. फ्री स्केटिंगमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, त्याने सहा क्वाड, म्हणजे हवेत चार गिरक्यांच्या सहा उड्या मारल्या आणि २२७.७९ गुणांचा विश्वविक्रम केला. त्यांतली एक क्वाड ॲक्सेल होती. बाकीच्या सर्व उड्यांत खेळाडू पाठमोरा असताना उडतो, ॲक्सेलमध्ये मात्र समोर तोंड करून उडावे लागते, त्यामुळे नावाला चार असल्या तरी प्रत्यक्षात साडेचार गिरक्या पुऱ्या कराव्या लागतात. त्याच्याआधी कोणालाही ती स्पर्धेत निर्दोष साधली नव्हती. एकोणीस वर्षांचा मुलगा ती इतक्या सहज मारतो की पाहणाऱ्याला तिची अवघड बाजू कळतच नाही, आणि माझी कुरबुर नेमकी इथेच सुरू होते. उड्यांच्या मधल्या वेळात तो पुढच्या उडीची वाट पाहत असल्यासारखा वाटतो. हात हलतात, चेहराही बोलतो, पण पायाखालचे पाते बर्फाशी फारसे बोलत नाही.

ते बोलणे पाहायचे असेल तर युमा कागियामाकडे पाहावे. जपानच्या या खेळाडूचे ते जागतिक स्पर्धेतले तिसरे रौप्यपदक. त्याआधीचा हंगाम दुखापतीने जवळजवळ वाया गेला होता; परतल्यावर वडिलांच्या जोडीला इटलीची माजी जगज्जेती कॅरोलिना कोस्टनर त्याला शिकवू लागली, आणि तिचे स्वतःचे स्केटिंग ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिचा हात ओळखता येतो. उडी संपते त्या क्षणी मी चित्र थांबवून मागे-पुढे करून पाहिले. पाते बर्फाला टेकते, गुडघा जवळजवळ काटकोनात वाकतो, घोट्यापासून मांडीपर्यंतचा सगळा भार त्या एका वाकण्यात विरघळतो आणि तो उतरल्यावर वेग कमी होण्याऐवजी वाढतो. बर्फाचा तुषारसुद्धा फारसा उडत नाही. माझी भाची संध्याकाळी सोसायटीत रोलर स्केटिंग शिकते, तिच्या सरांचे सगळे ओरडणे "गुडघा वाकव" या दोन शब्दांत सामावलेले असते. तिला मी हाच तुकडा दाखवला. "मावशी, हा उडी मारून खाली येतो की वर जातो?" असे तिने विचारले. परीक्षकांनी यापेक्षा अचूक काही लिहिले असेल असे मला वाटत नाही.

तरीही दोन्ही फेऱ्या मिळून मालिनिनचे एकूण गुण ३३३.७६ आणि कागियामाचे ३०९.६५, म्हणजे फरक चोवीस गुणांहून अधिक. लुट्झ ही आणखी एक अवघड उडी; एका क्वाड लुट्झची मूळ किंमत ११.५० आहे, तेव्हा दोन लुट्झ फुकट दिले तरी हा फरक भरून निघाला नसता. नियमांनुसार हे योग्यच आहे. चुटपुट इतकीच की, उडीची किंमत ठरलेल्या कोष्टकातून येते आणि दोन उड्यांमधल्या बर्फावरची अक्कल मात्र परीक्षकाच्या अंदाजावर सोडलेली असते.

फ्रान्सच्या ॲडम सियाओ हिम फाची गोष्ट निराळी. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तो एकोणिसावा आला, त्यामुळे अंतिम फेरीत त्याला पहिल्याच गटात उतरावे लागले. तिथे त्याने २०६.९० गुण मिळवले आणि त्याच्यानंतर उतरलेल्यांपैकी फक्त दोघांना त्याच्या पुढे जाता आले. त्यातच त्याने मुद्दाम उलटी कोलांटी मारली, जी तेव्हा निषिद्ध होती, आणि त्याबद्दल दोन गुण गमावले. पुढच्याच हंगामापासून ती कोलांटी नियमांत बसली. मला ती कोलांटी विशेष आवडत नाही, मेळ्यातल्या कसरतीसारखी वाटते. पण कांस्यपदक पणाला लावून ती मारण्याचा उर्मटपणा आवडला. अमेरिकेचा जेसन ब्राऊन एकही क्वाड न मारता पाचवा आला, हेही नोंदवून ठेवते.

राहता राहिला जपानचाच शोमा उनो. लागोपाठ दोन वर्षांचा जगज्जेता, शॉर्ट प्रोग्रॅमनंतर १०७.७२ गुणांसह पहिला, आणि शेवटी चौथा. फ्री स्केटिंगमध्ये सुरुवातीच्या उड्याच बिघडल्या, आणि तशा बिघाडानंतर बहुतेक खेळाडू उरलेला वेळ नुसता काढतात. उनोने तसे केले नाही. उड्या हातातून गेल्यावर तो संगीताच्या अधिकच जवळ गेला, पावले पात्याच्या कडेवर आणखी खोल झुकून टाकू लागला. सियाओ हिम फापेक्षा त्याला ३.५४ गुण कमी पडले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली, त्यामुळे परवा पाहताना ती शेवटची पावले मी दोनदा पाहिली आणि गुणांचा फलक येण्याआधी मोबाइल बंद केला.