पंचांगाची ऑर्ग फाइल: सहा मिनिटांचा एक्स्पोर्ट बारा सेकंदांवर

कोडने पंचांग तयार करण्याच्या माझ्या कामाची मागची नोंद नक्षत्रांपाशी थांबली होती. त्यानंतर तीन आठवडे गणित एक ओळही पुढे सरकलं नाही, कारण फाइल एक्स्पोर्ट करायचीच धास्ती वाटायला लागली होती. ती अडचण या शनिवार-रविवारी सुटली, म्हणून आधी तेच लिहितो.

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग मोडमधली (त्यात मजकूर आणि चालणारा कोड एकत्र लिहिता येतो) एकच फाइल आहे, साधारण नऊ हजार ओळींची, त्यात पायथन कोडचे १४३ तुकडे म्हणजे ब्लॉक. चंद्र आणि सूर्याच्या भोगांशांतला (क्रांतिवृत्तावर मोजलेल्या कोनांतला) फरक १२ अंशांनी वाढला की एक तिथी संपते. अशा प्रत्येक पायरीचं स्पष्टीकरण आणि लगेच खाली ती पायरी करणारा कोड. ग्रहांच्या जागा पायथनची स्कायफील्ड लायब्ररी आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची डीई४२१ ही ग्रहस्थितींची फाइल यांतून घेतो. (ऑर्ग मोड २००३ साली कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने सुरू केला. पंचांगासाठी तो वापरताना मला याचा फार आनंद होतो.) या फाइलचा एचटीएमएल एक्स्पोर्ट (म्हणजे तिचं वेब पान करणं) घ्यायचा ६ मिनिटं २५ सेकंद, आणि तेवढा वेळ इमॅक्स गोठलेलं. एक वेलांटी दुरुस्त केली तरी पुन्हा तेवढंच थांबा.

पायथनच वेळ खातंय याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. खात्री करायला फाइलच्या डोक्यावर सगळ्या ब्लॉकसाठी ‘इव्हॅल’ (ब्लॉक कधी चालवायचा) या सेटिंगला ‘नेव्हर-एक्स्पोर्ट’ दिलं. मग एक्स्पोर्ट करताना एकही ब्लॉक चालत नाही, फाइलमध्ये आधीची जी उत्तरं आहेत तीच छापली जातात. घड्याळ लावलं तर पावणेचार मिनिटं! कोडची एक ओळ न चालवता निम्म्याहून जास्त वेळ तसाच.

तेव्हा ईएलपी हाती घेतलं. इमॅक्ससोबतच येतं, कुठल्या फंक्शनला किती वेळा बोलावलं आणि किती वेळ गेला याचा तक्ता देतं. एचटीएमएलच्या फंक्शनांवर लावलं आणि एकच नाव वर आलं: ‘ऑर्ग-एचटीएमएल-फॉन्टिफाय-कोड’. १४३ वेळा, दर वेळी सुमारे दीड सेकंद.

हे फंक्शन कोडला रंग देतं. त्यासाठी प्रत्येक ब्लॉक एका तात्पुरत्या बफरमध्ये (इमॅक्समधल्या मजकुराच्या जागेत) टाकतं आणि तिथे पायथन मोड सुरू करतं. मोड सुरू झाला की त्याचे हुकही, म्हणजे त्याला जोडलेली फंक्शनं, आपोआप चालतात. माझ्या हुकमध्ये दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं एक फंक्शन होतं, जे बाहेरची कमांड चालवून ‘या प्रोजेक्टचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचा वेगळा ठेवलेला लायब्ररी-संच) कुठलं’ ते विचारायचं. फाइल उघडताना दीड सेकंद जाणवतही नाही. इथे मात्र तो १४३ वेळा मोजावा लागत होता, आणि तोही नुसते रंग चढवण्यासाठी. बफरला खरी फाइल असेल तरच चाल, अशी एक अट हुकमध्ये घातली. न चालवता होणारा एक्स्पोर्ट दहा सेकंदांवर आला. ज्यांची ऑर्ग फाइल संथ आहे त्यांनी सगळ्यात आधी आपले मोड-हुक तपासावेत, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

‘इव्हॅल’ची ओळ काढून पुन्हा पूर्ण एक्स्पोर्ट केला: २ मिनिटं ५० सेकंद. आता उरलेला दोष खरोखर पायथनकडे होता. सेशन (ब्लॉकांसाठी सतत चालू ठेवलेलं एकच पायथन) दिलं नसेल तर ऑर्ग प्रत्येक ब्लॉकसाठी नवं पायथन सुरू करतो. १४३ पैकी चालणारे ब्लॉक साठ. प्रत्येक जण स्कायफील्ड नव्याने इम्पोर्ट करणार, डीई४२१ नव्याने उघडणार, दोन सेकंद घेणार. सगळ्यांना एकच ‘सेशन’ दिलं. लगेच निम्मे ब्लॉक मोडले, कारण सेशनशिवाय उत्तर ‘रिटर्न’ने द्यावं लागतं आणि सेशनमध्ये शेवटची ओळ हेच उत्तर, तिथे ‘रिटर्न’ चालत नाही. एक संध्याकाळ ते शोधून काढण्यात गेली. वेळ झाला ५२ सेकंद.

त्यातले चाळीस सेकंद एकाच ब्लॉकचे. तो वर्षभराचा सूर्योदय आणि तिथी समाप्तीचा तक्ता करतो. त्याला सेशनबाहेर काढून ‘कॅश’ला (आधीचं उत्तर साठवून वापरण्याच्या सेटिंगला) ‘येस’ दिलं. ऑर्ग मग कोड आणि हेडर (ब्लॉकच्या डोक्यावरची सेटिंग्ज) यांचा हॅश, म्हणजे त्यांच्यावरून काढलेली छोटी खूण, उत्तराच्या वरच्या ओळीत लिहून ठेवतो, आणि तो जुळला तर ब्लॉक चालवत नाही. पण एक्स्पोर्टला काहीच फरक पडेना! बराच वेळ डोकं खाजवल्यावर उमगलं की एक्स्पोर्ट फाइलच्या प्रतीवर होतो. तिथे काढलेलं उत्तर आणि त्याचा हॅश मूळ फाइलमध्ये उतरतच नाहीत. ब्लॉकवर जाऊन कंट्रोल-सी कंट्रोल-सी एकदा हाताने दाबायचं, फाइल सेव्ह करायची, मग कॅश लागू पडते. एकूण वेळ बारा सेकंद.

याच कॅशने दुसऱ्या दिवशी मला फसवलं. गावाचे अक्षांश-रेखांश मी वेगळ्या पायथन फाइलमध्ये ठेवले होते. पुण्याऐवजी रत्नागिरी केलं, एक्स्पोर्ट केला, तरी सूर्योदय पुण्याचेच. रत्नागिरी पुण्याच्या पश्चिमेला अर्ध्या अंशाहून थोडी जास्त, म्हणजे नुसत्या रेखांशामुळे दोनेक मिनिटांचा फरक; वरवर बघणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटेल. पण दिवसाची तिथी सूर्योदयाला असलेली तिथी असते, आणि तिथी नेमकी त्या दोन मिनिटांत संपत असेल तर अख्खा दिवसच चुकतो. हॅशला ब्लॉकच्या बाहेरची फाइल दिसत नाही. म्हणून आता अक्षांश-रेखांश ‘व्हार’ने हेडरमधून देतो. गाव बदललं की हॅश बदलतो आणि तक्ता नव्याने होतो.

सेशनचाही एक धोका आहे: खोडून टाकलेल्या ब्लॉकचं व्हेरिएबल त्यात जिवंत राहतं आणि चुकीचा कोडही बरोबर चालल्यासारखा दिसतो. त्यामुळे फाइल कुणाला पाठवण्याआधी पायथन बंद करून एकदा सगळं नव्याने चालवतो. पीडीएफकडे अजून वळलो नाही, तिथे पीडीएफ जुळवणाऱ्या लॅटेकचा वेळ निराळा.

काल रात्री अधिकमासाचा भाग सुरू केला. दोन अमावास्यांच्या मध्ये सूर्याची संक्रांत (राशीबदल) आली नाही तर तो महिना अधिक. नियम एका ओळीचा, पण संक्रांतीला अयनांश (विषुवापासून आणि ताऱ्यांपासून मोजलेल्या राशींतला कोनाचा फरक) लागतो आणि मी तो उलट्या चिन्हाने वजा केला होता. दुरुस्त केलं, एक्स्पोर्ट, पुन्हा दुरुस्त, पुन्हा एक्स्पोर्ट, तासाभरात अकरा वेळा. बाराव्या वेळी २०२३चा अधिक श्रावण तक्त्यात बरोबर जागी आला.