तुझी नदी कोणती?

रोटोरुआ, न्यूझीलंड, मंगळवार रात्र

ऑकलंडहून सकाळी निघालेली बस दुपारी इथे पोचली. दार उघडलं आणि गंधकाचा वास थेट आत आला. या गावात जमिनीखालची उष्णता जागोजागी वर येते. कुणाच्या परसात वाफ निघते, कुठे गटाराच्या जाळीतून. तासाभरात नाक सरावलं.

हॉस्टेलवर सॅक टाकली आणि चालत कुइराउ पार्कला गेले. सार्वजनिक बाग आहे, तिकीट नाही. कठड्यांच्या आत चिखल रटरटतो आणि एका बाजूला पाय बुडवून बसायला गरम पाण्याचे हौद बांधलेत. सॅकचे पट्टे खांद्यात रुतले होते, पाय सुजले होते. माझ्या शेजारी एक आजी दोन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि कुठून आलीस म्हणून विचारलं. इंडिया म्हटल्यावर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला, इंडियात कुठे? पुणे सांगितलं. तिथे कुठली नदी आहे, असं त्यांनी विचारलं. प्रवासात मला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मुळा आणि मुठा, मी म्हटलं. त्यांनी दोन्ही नावं हळूच उच्चारून पाहिली.

रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मुगाच्या डाळीची खिचडी टाकली. आधीच्या प्रवाशांनी मागे ठेवलेल्या जिनसांच्या फळीवर कांदा आणि मीठ मिळालं. परवा काईतुना नदीत राफ्टिंग आहे. कोलाडला कुंडलिकेत केलंय, पण या नदीवर तूतेआचा धबधबा आहे, सात मीटरचा. पैसे भरून राफ्टमधून उतरता येणारा याहून उंच धबधबा जगात नाही असं इथे सगळे सांगतात.

बुधवार

फाकारेवारेवा बघायला गेले आणि दिवसभर तिथेच राहिले. हे माओरींचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, राहतं गाव आहे. पुलावरून आत शिरताना खाली पुआरेंगा ओढ्यात गावातली पोरं उभी होती. वरून नाणं टाकलं की सूर मारतात आणि दातात धरून वर येतात. पुढे घरं, घरांच्या मधून वाफा, पलीकडे पोहुतू नावाचं गरम पाण्याचं कारंजं. ते उसळलं की तीस मीटरपर्यंत जातं.

कणसं शिजताना पाहिली. एका उकळत्या कुंडात बाईंनी कापडी पिशवी दोरीने सोडली, दोरीचं टोक काठावर बांधलं आणि आम्हाला गावाची माहिती सांगत राहिल्या. पिशवी बाहेर काढली तेव्हा कणसाचे दाणे टचटचीत फुगलेले होते. कुंडाच्या पाण्यातच थोडी खारट चव असते, वरून काही लावावं लागलं नाही. मांस आणि रताळी जमिनीत बसवलेल्या लाकडी पेट्यांत वाफेवर शिजतात. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर गावकरी त्याच गरम पाण्याच्या उघड्या हौदांत अंघोळीला येतात. पाणी चर काढून हौदांत आणतात, वाटेत ते निवतं. थडगी सगळी जमिनीच्या वर बांधलेली, कारण खाली खणलं तर वाफ लागते.

या गावातली बरीच घराणी मूळची इथली नाहीत. १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा पर्वत फुटला. 'ते वाइरोआ' नावाचं गाव राखेत आणि चिखलात गाडलं गेलं, शंभराहून जास्त माणसं गेली. जगभरातून लोक ज्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांना बघायला यायचे, तेही त्याच रात्री नाहीसे झाले. तूहोउरांगी कुळातली वाचलेली माणसं हाती लागेल ते घेऊन निघाली आणि फाकारेवारेवाच्या लोकांनी त्यांना आपल्यात जागा दिली. पर्यटकांना हिंडवण्याचं काम ही माणसं 'ते वाइरोआ'त करत होतीच, इथेही त्यांनी तेच पुढे चालवलं. त्यातल्या सोफिया हिनेरांगी यांचं नाव आजही घेतात. स्फोटाच्या रात्री त्यांच्या घरात साठेक माणसांनी आसरा घेतला होता आणि ती वाचली. आज आम्हाला हिंडवणाऱ्या बाई पाचव्या पिढीतल्या. हे सांगताना त्यांचा आवाज सरळ होता, आपल्या घरचं सांगावं तसा.

माझ्या पणजीचं माहेर मुळशी धरणात गेलं. धरणाखालून उठलेली माणसं कुठे कुठे पांगली. त्यांना आपल्यात जागा देणारं असं एक गाव मला माहीत नाही.

संध्याकाळी तळ्याकाठच्या एका मारायवर, म्हणजे माओरींच्या सामुदायिक जागेत, प्रवाशांसाठी स्वागत आणि जेवण होतं. हे कार्यक्रम पर्यटकांसाठी बसवलेले असतात हे मला माहीत होतं, तरी पहिली हाक ऐकली आणि अंगावर काटा आला. सभागृहाच्या दारातून एका वयस्कर बाईंनी लांब, चढत्या सुरात हाक घातली. आमच्या बाजूने एका बाईंनी उत्तर दिलं. त्या हाकेत पाहुण्यांच्या गेलेल्या माणसांनाही बोलावलेलं असतं असं आम्हाला आधीच सांगितलं होतं. त्यामुळे मी माझ्या आजीला आणि पणजीला बरोबर घेऊन आत गेले. भाला फिरवत एक तरुण पुढे आला, जमिनीवर डहाळी ठेवली. आमच्यातल्या एका आजोबांनी त्याच्या नजरेला नजर देत ती उचलली. आम्ही भांडायला आलेलो नाही, एवढा त्याचा अर्थ.

चपला बाहेर काढून आत गेलो. आढं हा पूर्वजाचा कणा आणि छताचे वासे त्याच्या बरगड्या, त्यामुळे आत बसलेला माणूस पूर्वजाच्या कुशीत बसलेला असतो. यजमानांचं भाषण आणि गाणं झालं, मग आमच्याकडून गाणं हवं होतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी उठले आणि आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. आजीला त्या तिच्या सासूकडून, म्हणजे पणजीकडून आल्या होत्या. त्यात नदी आहे, माहेर आहे, भाऊ आहे. शब्द कुणाला कळले नाहीत, पण पुढच्या रांगेतल्या त्या हाक घालणाऱ्या बाई डोळे मिटून ऐकत होत्या. नंतर नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवताना त्या थोडा वेळ तशाच थांबल्या.

गुरुवार

काईतुना रोटोइती तळ्यातून ओकेरेपाशी बाहेर पडते आणि पन्नासेक किलोमीटरवर माकेतूजवळ समुद्राला मिळते. राफ्टिंग होतं ते वरच्या अरुंद घळीत. तळ्याच्या तोंडाशी दरवाजे आहेत, १९८२ साली बांधलेले. त्यातून किती पाणी सोडलंय यावर आज राफ्ट जाणार की नाही हे ठरतं. कोलाडलाही असंच. तिथे सकाळी वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिका वाहायला लागते.

आमची गाइड याच काठच्या न्गाती पिकिआओ लोकांतली, पंचविशीची. काठावर तिने सगळं करून घेतलं. पुढे वल्हवा, मागे वल्हवा, धरून बसा, खाली बसा. खाली बसायचं म्हणजे राफ्टच्या तळात उकिडवं, वल्हं आत आडवं, एक हात बाहेरच्या दोरीवर, हनुवटी छातीला. प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे तिने स्वतः ओढून पाहिले.

घळीत शिरलो आणि ऊन गेलं. दोन्ही कडांवर नेचे, काही माडाएवढे उंच, कातळावर शेवाळ, पाणी काचेसारखं हिरवं. सुरुवातीच्या उतारापाशी जुन्या वीजघराचे अवशेष दिसतात. १९०१ साली सरकारने बांधलेलं हे वीजघर देशातल्या अगदी पहिल्या वीजघरांपैकी एक, रोटोरुआचे दिवे त्यावर लागले. पुढे एका कड्यात गुहा आहेत. लढायांच्या काळात बायकामुलांना तिथे दोराने उतरवून लपवत, असं गाइडने सांगितलं. तूतेआ हे तिच्या पूर्वजांतल्या एका प्रमुखाचं नाव.

मोठ्या धबधब्याच्या आधी तिने राफ्ट काठाला घेतली. पाणी जिथे उलटं वळतं तिथे आम्ही अलगद थांबलो. तिने हेल्मेट काढलं, वल्हं मांडीवर ठेवलं आणि कराकिया म्हटली. प्रार्थना लहान होती. मागून येणारी राफ्टही थांबली होती. धबधब्याचा आवाज मोठा होता, तिने मात्र प्रार्थनेसाठी आवाज चढवला नाही. संपल्यावर म्हणाली, ही नदी आमची थोरली आहे, तिला सांगितल्याशिवाय आम्ही खाली जात नाही. मग हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि पुढे वल्हवायला सांगितलं.

पडताना पोट वर येतं हे खरं. त्यानंतरचं मी नीट टिपून ठेवते, कारण विसरायचं नाही. राफ्टचं नाक खाली गेलं आणि आम्ही पाण्याच्या आत होतो. आधी सगळं पांढरं, मग हिरवं, आणि आवाज पूर्ण बंद. दोरी हातात होती, तिचा पीळ बोटांना कळत होता. गुडघ्याला कुणाचा तरी गुडघा लागत होता. मग राफ्ट वर उसळली, एकदम उजेड, एकदम गर्जना, आणि मागून गाइड एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होती. सगळे आत होतो. मी रडत होते, आनंदाने.

खालच्या संथ पाण्यात तिने विचारलं, तुझी नदी कोणती? मंगळवारच्या आजींनी विचारलेलाच प्रश्न. या वेळी मी मुळा म्हणून थांबले नाही. मुळेला वरच्या खोऱ्यात अडवून तिचं पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरवलंय, तिथे वीज होते आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेत जातं, जिथे मी पहिल्यांदा राफ्टमध्ये बसले, हे सगळं सांगितलं. पणजीच्या गावावरून आलेल्या पाण्यात मी हसत खेळत बसले होते, हे मीही प्रथमच असं जोडून बोलत होते. ती म्हणाली, मग तिथे उतरण्याआधी कुणी काय म्हणतं? मी म्हटलं, काही नाही. सूचना देतात आणि निघतात.

शुक्रवार

दिवसभर पाऊस. पालिकेच्या वाचनालयात बसून काईतुनाबद्दल वाचलं.

१९८० च्या आसपास रोटोरुआचं शुद्ध केलेलं सांडपाणी पाइपने काईतुनात सोडायची योजना होती. ते जात होतं रोटोरुआ तळ्यात आणि तळं खराब होत होतं, म्हणून हा मार्ग. न्गाती पिकिआओ लोक वाइटांगी न्यायाधिकरणाकडे गेले. १८४० च्या करारात माओरींना दिलेली वचनं पाळली जातात का हे बघायला १९७५ साली हे न्यायाधिकरण नेमलेलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की पाणी कितीही शुद्ध करा, माणसाची घाण वाहिलेलं पाणी अन्न देणाऱ्या नदीत मिसळायचं नाही. तांत्रिक अहवालात हे बसत नव्हतं. १९८४ साली न्यायाधिकरणाने ते मान्य केलं आणि पाइप रद्द करा असं सरकारला सांगितलं. पाइप झाला नाही. पुढे ते पाणी जंगलातल्या जमिनीवर सोडायची सोय केली. आता या नदीच्या कारभारासाठी माओरी आणि स्थानिक परिषदा यांची मिळून एक संस्था आहे, २०१४ च्या कायद्याने झालेली. काल आम्ही ज्या पाण्यात बुडून वर आलो ते पाणी असं राखलेलं आहे.

२०१७ साली इथल्या वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. त्याच आठवड्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला तसा दर्जा दिला. काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. गंगेच्या आरत्या आपल्याकडे कमी होतात असं नाही. वांगानुईच्या बाजूने बोलायला कायद्याने दोन माणसं नेमलेली आहेत, एक नदीकाठच्या लोकांकडून आणि एक सरकारकडून. मला हा फरक फार मोठा वाटतो.

मुळशीत लोक बोलले नाहीत असं नाही. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. पुण्यातल्या जमीनमालक सावकारांनी मोबदला पत्करला आणि कसणारी माणसं एकटी पडली. धरण झालं, १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. कोलाडच्या राफ्टिंगच्या कुठल्याही जाहिरातीत हे पाणी कुठून येतं ते मी वाचलेलं नाही. ते सांगायला हवं. राफ्टमध्ये बसण्याआधी पाच मिनिटं. तिथले गाइड आसपासच्या गावांतलेच असतात, त्यांना विचारलं तर ते नाही म्हणणार नाहीत.

संध्याकाळी बाबांना फोन केला. तिकडे दुपार होती, जेवून आडवे झाले होते.

"बाबा, पणजीच्या माहेरच्या गावाचं नाव काय?"

"अगं, ते आत्याआजीलाच ठाऊक असणार. आता हे कुठून काढलंस?"

"इथे दोघींनी विचारलं, तुझी नदी कोणती म्हणून. मला नदी सांगता आली, गाव नाही."

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत्याआजी दर उन्हाळ्यात म्हणायची, पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो. तिच्या आईने तिला नेऊन दाखवला होता. आम्ही कुणी गेलो नाही."

शनिवार, माकेतू

तोपोला जायचं ठरलेलं रद्द केलं. हॉस्टेलमधल्या चिलीच्या मुलीकडे व्हॅन आहे, तिच्याबरोबर काईतुनाच्या मुखाशी आले. 'ते आरावा' नावाच्या माओरी लोकांची नौका शेकडो वर्षांपूर्वी महासागर ओलांडून इथेच लागली. त्यांचा मुलूख या किनाऱ्यापासून आत तोंगारिरो पर्वतापर्यंत. ओहोटीला खाडीत काही कुटुंबं शिंपले वेचत होती, लहान मुलं बादल्या धरून. पाइप झाला असता तर ते पाणी इथे उतरलं असतं.

बाबांचा मेसेज आलाय. आत्याआजीने गावाचं नाव सांगितलं, सोबत देवाचंही. मी परतल्यावर पहिल्या रविवारी तिला घेऊन मुळशीला जायचं, गाडी बाबा चालवणार. पाणी उतरायला मे उजाडेल, पण ती म्हणते, मला आत्ताच यायचंय, मे मध्ये परत जाऊ.