द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॉलीला टायर कुठले घ्यावेत: रुंद की साधे? माझा अनुभव

मिनी ट्रॅक्टरमागची आमची ट्रॉली एका एक्सलची, दोन चाकांची. निफाड तालुक्यातलं काळं रान, नऊ फुटी ओळीतली द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीच्या आधी शेणखत ओळीत टाकायचं, हंगामात माल काढायचा आणि उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काड्या बाहेर न्यायच्या, ही तिची मुख्य कामं. यातलं शेणखताचं काम नेमकं पावसाळ्याच्या शेवटी येतं. रान ओलं असतं, आणि खत तर बोदापर्यंत, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यापर्यंत, जायलाच हवं.

टायर झिजले, बाजूला चिरा पडल्या, तेव्हा बदलणं भाग होतं. ट्रॉलीला आधीपासून ७.५०-१६ चे टायर होते. म्हणजे रुंदी साडेसात इंच आणि रिम सोळा इंची. तेच पुन्हा घेतले असते तर अर्ध्या दिवसात काम उरकलं असतं. पण शिवारात दोन-तीन ट्रॉल्यांना १०.०/७५-१५.३ हे रुंद टायर बसलेले मी पाहिले होते. हा टायर जवळपास साडेदहा इंच रुंद भरतो आणि त्याची रिम वेगळी, नऊ इंच रुंद लागते. म्हणजे डिस्कसकट (रिम हबला जोडणारी चाकाची तबकडी) बदल, आणि खर्च त्या हिशेबाने.

दुकानात पहिला सल्ला मिळाला तो प्लायचा, म्हणजे टायरच्या आतल्या मजबुतीच्या थरांचा. "भाऊ, जास्त प्लायचा घ्या, कितीही भरा, काही होत नाही." रस्त्यावर ऊस किंवा वाळू वाहणाऱ्याला हे ठीक आहे. मला मात्र टायर किती वजन सोसतो हे विचारायचंच नव्हतं, तो जमिनीला किती दाबतो हे हवं होतं. त्यासाठी आधी माझंच वजन माहीत असायला पाहिजे, म्हणून मी भरलेली ट्रॉली घेऊन वजनकाट्यावर गेलो. ट्रॅक्टर काट्याच्या पुढे उतरवून फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर ठेवली. पन्नास क्रेट माल, प्रत्येकात वीसेक किलो. चाकांवर १,४४० किलो भरलं. बाकीचं वजन हुकावरून ट्रॅक्टरवर जातं, ते यात येत नाही. म्हणजे एका चाकावर ७२० किलो.

हा आकडा हातात आल्यावर दुकानदाराशी बोलणं सोपं झालं. त्याला म्हटलं, कंपनीचा तक्ता काढा, इतक्या वजनाला आणि बैलगाडीहून थोड्या जास्त वेगाला दोन्ही टायरमध्ये किती हवा लागते ते बघू. वेग कमी असेल तर त्याच हवेत टायर जास्त वजन पेलतो, म्हणून वेग सांगणं महत्त्वाचं. तक्ता बघून त्याने साध्याला ३६ पौंड आणि रुंदाला २४ पौंड (म्हणजे चौरस इंचावरचा दाब, पीएसआय) सांगितली.

सगळा निर्णय या दोन आकड्यांत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. टायरमधल्या हवेचा दाब जितका, साधारण तितकाच दाब जमिनीवर येतो. टायरच्या भिंतीचा ताठपणा त्यात थोडी भर घालतो, पण ढोबळ हिशेबाला हे पुरतं. ३६ पौंड म्हणजे सेंटिमीटरच्या चौकोनावर अडीच किलो. ७२० किलो पेलायला साध्या टायरची सुमारे २८५ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकेल. २४ पौंड म्हणजे १.७ किलो, तिथे सुमारे ४२५ टेकेल. जवळपास दीडपट. पण रुंद टायरमध्ये कोणी ३६ पौंड हवा भरली, तर टेकणारी जागा पुन्हा २८५ च्या आसपासच राहते. टायर रुंद दिसतो, दाब मात्र तेवढाच. मी पाहिलेल्या ट्रॉल्यांपैकी एकीची हवा मीटर लावून तपासली तर ती रस्त्याच्या हिशेबाने टणक भरलेली होती. त्या मालकाचं म्हणणं होतं की रुंद टायरने काही फरक पडत नाही. त्या हवेत तो पडणारच नाही.

आमच्या तात्यांना हे सांगितल्यावर त्यांनी बैलगाडीची आठवण काढली. लाकडी चाकाची लोखंडी धाव दोनेक इंच रुंद, काळ्या रानात पाऊस झाला की गाडी बांधावरच उभी राहायची. नंतर हवेच्या टायरची डनलॉप गाडी आली आणि तेच बैल जास्त ओझं ओढू लागले. "पण जुनं चाक उंच होतं, हे विसरू नको," तात्या म्हणाले. तात्यांचं बरोबर होतं. मऊ रानात चाक जितकं उंच, तितकं ते ढेकळावर आणि चिखलावर सहज चढतं. ७.५०-१६ ची उंची ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास, रुंद टायरची शहात्तर. म्हणजे रुंदीत मिळतं त्यातलं थोडं उंचीत जातं.

म्हणून कागदावर न थांबता रानात बघायचं ठरवलं. शेजारच्या काकांची रुंद टायरची ट्रॉली मागून घेतली, तिची हवा २४ पौंडावर आणली आणि पाऊस पडून वाफसा यायच्या, म्हणजे रान कामाजोगं सुकायच्या, आधी एकाच ओळीत दोन्ही ट्रॉल्या सारख्याच वजनाने चालवल्या. अर्ध्या ओळीत एक, अर्ध्या ओळीत दुसरी. काठीने चाकोरीची खोली मोजली. साध्याची नऊ सेंटिमीटर, रुंदाची साडेपाच. खोलीपेक्षाही ट्रॅक्टरचं वागणं मला जास्त बोलकं वाटलं. चोवीस एचपीचा हलका ट्रॅक्टर साध्या टायरच्या ट्रॉलीला ओढताना मागची चाकं घसरवत होता, म्हणजे चिखल घोटत होता. काळ्या मातीला घोटणं सगळ्यात वाईट. ही चिकणमाती भिजली की फुगते, त्या अवस्थेत दाबली-घोटली की तिच्यातली हवेची पोकळी मिटते, पाणी तुंबतं आणि अन्न-पाणी शोषणारी पांढरी मुळी तिकडे फिरकत नाही. छाटणीच्या तोंडावर तर हे अजिबात परवडत नाही.

एक शंका मात्र खरी होती. ट्रॅक्टरचं मागचं टायर ८.३-२०, म्हणजे ट्रॉलीचं टायर त्याहून रुंद. साधं टायर ट्रॅक्टरच्याच चाकोरीत बसून चालतं, नवी माती दाबत नाही. आणि मातीवर पहिल्या फेरीतच बहुतेक दाब बसतो, पुढच्या फेऱ्यांत त्यात थोडीच भर पडते. मग रुंद टायरने चाकोरीबाहेरची माती का दाबायची? यावर उपाय मेस्त्रींकडे निघाला. डिस्कची वाटी अशी ठेवली की ट्रॉलीच्या चाकाचा मध्य ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या मध्यावर येईल. तसं केल्यावर रुंद टायर दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच-अडीच सेंटिमीटर बाहेर राहतं. कोणी बदल करणार असेल तर या कामात घाई करू नका. हबच्या बोल्टची मापं, टायर आणि चॅसीमधलं अंतर, फाळके (ट्रॉलीच्या उघडणाऱ्या बाजू) उघडताना टायरला लागतात का, हे सगळं नवी डिस्क घेण्याआधी मोजून घ्या. आमच्याकडे आतल्या बाजूला दोन बोटं जागा उरली आहे, चिखल अडकला तर काढता येईल इतकी.

शेवटी रुंदच टायर घेतले, नक्षी सरळ पट्ट्यांचीच घेतली. ट्रॉलीचं चाक ओढलं जातं, ते स्वतः ओढत नाही, त्यामुळे खोल खुरांच्या नक्षीची त्याला गरज नाही. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलेही दाखवले होते. बाभळीच्या काट्यांच्या रानात मी नवेच घेतले.

हंगामात कळलेली गोष्ट अशी की टायर वरच्या थरालाच वाचवतो. खाली, नांगराच्या खोलीपलीकडे जो दाब जातो तो मुख्यतः एक्सलवरच्या एकूण वजनाने जातो, टायर कितीही रुंद घ्या. म्हणून ओल असताना पन्नासऐवजी पस्तीस क्रेट भरतो. फेऱ्या वाढतात, डिझेल थोडं जास्त जातं. मजुरांना सुरुवातीला हे पटत नव्हतं, आता तेच "अजून ओल आहे, कमी भरा" म्हणतात.

रस्त्याचा प्रश्न राहतो. आमचं पॅकहाउस जवळ आहे, पाणंद संपली की थोडाच डांबरी रस्ता, तोही सावकाश. त्यामुळे २४ पौंडावर निभावतं. तुम्हाला माल भरून लांब जायचं असेल, मुंबई-आग्रा महामार्गावर वेगात चालायचं असेल, तर कमी हवेत टायरच्या भिंती सतत वाकतात, तापतात आणि फाटतात. अशा वेळी वेगाप्रमाणे हवा वाढवावीच लागते. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, पण एवढं टायर भरायला तो वेळ खातो. ज्याचं निम्म्याहून जास्त काम रस्त्यावर आहे त्याने साधेच टायर घ्यावेत असं मी स्पष्ट सांगेन. माझ्या चुलतभावाचं रान मुरमाड आहे. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी ट्रॉली आत जाते. त्याला मी ७.५०-१६ च घ्यायला लावले, वाचलेल्या पैशात त्याने एक्सलचे बेअरिंग बदलून घेतले.

आमच्याकडे आता त्रास उरला आहे तो ओळीच्या टोकाला. तिथे वळताना रुंद टायर जागेवर घासतं आणि माती खरवडते. वळणाच्या पट्ट्यावर मुरूम टाकायला सुरुवात केली आहे, पूर्वेकडच्या टोकाला झाला, पश्चिमेचा छाटणीच्या आधी टाकून घेणार आहे.