सोलापूर ते हाजीअली: डायलिसिसचे वार आणि आकडीच्या औषधाची वेळ सांभाळून

मार्ग सोलापूर-मुंबई-सोलापूर. निघणं मंगळवारी रात्री, परत येणं शनिवारी सकाळी. काम हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तपासणीचं आणि पायाच्या स्प्लिंटच्या (पाऊल सरळ धरणाऱ्या साच्याच्या) मापाचं. ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून चालू आहे. प्रवासी चार: सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे अंग ताठरणं) आणि आकडीचा त्रास असलेला अकरा वर्षांचा मुलगा (वजन २६ किलो, आधाराशिवाय बसता येत नाही), आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे वडील, आई आणि मामा.

मामा हौसेखातर नाहीत. २६ किलोचं ताठरलेलं अंग उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. डायलिसिसवरचा माणूस त्यात धरायचाच नाही. अशा घरांत मुलाची फाईल सगळे उघडतात, आईबापाची कोणी उघडत नाही, आणि प्रवास फसतो तो बहुधा तिथेच. म्हणून आखणी वडिलांच्या डायलिसिसपासून सुरू करा.

डायलिसिसचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार असतील तर शनिवार ते मंगळवार ही मोठी खंडाची वेळ. या दिवसांत पाणी आणि पोटॅशियम सर्वांत जास्त साचतं, तेव्हा या खंडात प्रवास नको. मंगळवारी सकाळच्या पाळीत चार तास डायलिसिस, दुपारी सक्तीची झोप, रात्री गाडी. गुरुवारचं डायलिसिस मुंबईत. शुक्रवारी रात्री परतीची गाडी आणि शनिवारी दुपारच्या पाळीत पुन्हा आपलं केंद्र. शनिवारची पाळी सकाळची असेल तर ती दुपारची करून घ्यायला सिस्टरना आठ-दहा दिवस आधी सांगा. गाडीला दोन तास उशीर झाला तरी मग डायलिसिस चुकत नाही.

बुधवारी रात्रीच परत का येत नाही, असं पुष्कळजण विचारतात. लागोपाठ दोन रात्री गाडीत काढल्या की झोप मोडते आणि झोपमोड हे आकडी येण्याचं मोठं कारण आहे. मुक्कामाचा खर्च परवडतो, चालत्या गाडीतली आकडी परवडत नाही.

मुंबईतल्या एका डायलिसिससाठी केंद्र दोन-तीन आठवडे आधी ठरवा. सोबत लागतं ते असं: किडनीच्या डॉक्टरांचं पत्र, मागच्या तीन डायलिसिसचे चार्ट, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा डोस, फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली रक्तवाहिनी) कोणत्या हातात आहे ते, आणि एचआयव्ही, कावीळ बी व कावीळ सी यांचे ताजे रिपोर्ट. खोळंबा या रिपोर्टांपाशीच होतो. 'ताजा' म्हणजे किती दिवसांचा हे प्रत्येक केंद्र आपल्या नियमाने ठरवतं आणि जुना निघाला तर दारातून परत पाठवतं, कारण बाधित रुग्णांचं मशीन वेगळं ठेवावं लागतं. फोनवर विचारा आणि रिपोर्ट त्या मुदतीत बसेल असाच काढा. घरच्या केंद्रात सरकारी योजनेतून डायलिसिस होत असेल तरी परगावी ते लागू होईलच असं धरू नका. त्या एका फेरीचे पैसे रोख ठेवा.

तिकिटाचं गणित. दिव्यांग सवलतीत मूल आणि त्याच्यासोबतची एक व्यक्ती अशा दोघांना स्लीपर व थ्री एसीत ७५ टक्के सूट मिळते. रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढलेलं असेल तर हे तिकीट ऑनलाइन निघतं. सोबती म्हणून आईचं नाव घाला. डायलिसिससाठी जाणाऱ्या किडनीच्या रुग्णाची सवलत वेगळी, तिला ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. दिव्यांग कोट्यात एक खालचा आणि एक मधला बर्थ मिळतो. खालचा मुलाचा, मधला आईचा. वडिलांना मधला नको, कारण चढताना शरीराचा भार हातावर येतो आणि तो हात फिस्टुलाचा असू शकतो. साइड लोअरही टाळा. दोन बाकं जोडून तो होतो आणि मधली फट ताठर मुलाच्या कमरेखाली येते.

गाडीच्या टोकाला दिव्यांगांसाठी रुंद दाराचा डबा असतो, त्यात व्हीलचेअर सरळ चढते. तरी रात्रीच्या प्रवासाला थ्री एसीच बरा. उकाड्याने आणि गोंगाटाने मुलाची झोप जाते. व्हीलचेअर साध्या डब्याच्या आतल्या बोळातून जात नाही, म्हणून मुलाला जाड सुती चादरीच्या झोळीतून उचला: एकजण काखेखालून, एकजण गुडघ्यांखालून, डोकं छातीला टेकलेलं. वडिलांनी फक्त खुर्चीचे ब्रेक धरायचे आणि दार अडवायचं. सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापूरहूनच सुटते, रात्री साडेदहाच्या सुमारास, त्यामुळे ती आधी फलाटावर लागते. पाऊण तास आधी स्टेशनवर असलात तर ही उचल घाईत होत नाही.

औषधांच्या पिशव्या दोन आणि रंग वेगळे. याबाबत आमचा हट्ट आहे, कारण मुलाचं ताठरपणावरचं बॅक्लोफेन किडनीवाटे बाहेर पडतं आणि डायलिसिसवरच्या माणसाच्या पोटात चुकून गेलं तर त्याची शुद्ध हरपू शकते. अंधाऱ्या गाडीत एकाच डबीतून चुकीची गोळी उचलली जाणं अवघड नाही. उलट मुलाचं बॅक्लोफेन अचानक बंद पडलं तर ताठरपणा उसळतो आणि आकडीही येते, म्हणून पाच दिवसांच्या प्रवासाला आठ दिवसांचं औषध घ्या. प्रवासाने वडिलांची पाठ धरली तर डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन स्वतःच्या मनाने देऊ नका. वडिलांचं एरिथ्रोपोएटिनचं (रक्त वाढवणारं) इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात राहायला हवं आणि ते गोठलं तर वाया जातं. बर्फाची पिशवी आणि कुपी यांच्यामध्ये रुमालाची घडी ठेवा.

आकडीचं रोजचं औषध सकाळी आठ आणि रात्री आठ असेल तर गाडीतही तीच वेळ. रात्रीचा डोस घरीच देऊन निघा. सकाळचा डोस मुंबईत उतरण्याच्या गडबडीत राहतो, त्यासाठी फोनला गजर लावा. सिरप आधीच सिरिंजमध्ये भरून टोपण लावून ठेवा, हलत्या गाडीत मोजताना सांडतं.

मिडाझोलॅमचा, म्हणजे आकडी थांबवणारा, नाकातला स्प्रे आईच्या कमरेच्या पाकिटात हवा, वरच्या बर्थवरच्या बॅगेत नको. मात्रा साधारण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरतात. २६ किलोला ती ५ मिलिग्रॅमच्या आसपास येते. बाटल्या मात्र दोन प्रकारच्या मिळतात, एका दाबाला ०.५ मिलिग्रॅमची आणि १.२५ मिलिग्रॅमची. पहिलीचे दहा दाब लागतात, दुसरीचे चार. दुकानदाराने बाटली बदलून दिली आणि घरच्यांनी जुनेच आकडे धरले, तर मात्रा अडीच पट कमी किंवा जास्त होते. किती दाब, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घेऊन बाटलीवरच चिकटपट्टीवर लिहा. नवी बाटली असेल तर निघण्याआधी फवारा येईपर्यंत हवेत दाबून बघा.

गाडीत आकडी आली तर आधी घड्याळ बघा. मुलाला डाव्या कुशीवर वळवा, लाळ बाहेर वाहू द्या. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा आणि चप्पल सुचवणारे प्रवासी येतातच, मामांनी त्यांना शांतपणे बाजूला घ्यावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर स्प्रे. स्प्रेनंतरही पाच मिनिटं चालूच राहिली, ओठ निळे पडले किंवा श्वास अडखळला तर टीटीईला सांगा, १३९ ला फोन करा आणि पुढच्या मोठ्या स्टेशनला उतरा. कुर्डुवाडी ते दौंड हा टप्पा लांब आणि अंधारा आहे. पुणे मध्यरात्र उलटल्यावर येतं. पुण्यात ठरवलेल्या एका रुग्णालयाचा पत्ता कागदावर लिहून ठेवा.

खाणं. मुलाला आडवं असताना काही भरवू नका. टेकून बसवून, हनुवटी किंचित खाली, दाट नाचणीचं सत्व छोट्या चमच्याने द्या आणि नंतर अर्धा तास उभटच ठेवा. पातळ दूध गाडीच्या हिसक्याबरोबर श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो आणि दोन दिवसांनी छाती भरते. वडिलांसाठी कडक भाकरी न्या, पण शेंगांची चटणी घरी ठेवा. सोलापूरकराला ती बाजूला ठेवणं जड जातं हे मान्य, पण शेंगदाण्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर, वर मीठ. केळी, संत्री आणि लोक प्रेमाने पुढे करतात ते शहाळंही नाही. पाण्याची दिवसाची मर्यादा जेवढी असेल तेवढीच बाटली भरून घ्या आणि त्या बाटलीबाहेरचा चहासुद्धा तिच्यातूनच वजा करा.

उतरायचं सीएसएमटीला. हाजीअलीला दादर जवळ, तरी दादरला गाडी थोडाच वेळ थांबते. मूल, खुर्ची आणि चार पिशव्या तेवढ्या वेळात उतरत नाहीत. सीएसएमटीला गाडी संपते, डबा रिकामा होईपर्यंत थांबता येतं आणि बाहेर पडायला जिना लागत नाही. सीएनजी टॅक्सीच्या डिकीत सिलिंडर असतो, खुर्ची मावत नाही, म्हणून मोठी गाडी बोलवा. लोकलच्या वाटेला जाऊ नका.

बुधवारी ओपीडीत पोहोचल्यावर आईने केसपेपरच्या रांगेत उभं राहावं आणि मामांनी मुलाजवळ. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, जुने एक्स-रे आणि सध्या चालू असलेल्या औषधांचा मात्रेसह एका पानाचा कागद वर ठेवा. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा परगावच्या रुग्णांना आसरा देते. तिथे रुग्णालयाचं पत्र लागतं, त्यामुळे डॉक्टरांकडून ते तिथल्या तिथे मागून घ्या.

माप प्लास्टरचं असतं. गुडघा वाकवून, टाच खाली, पाऊल सरळ धरावं लागतं. भुकेलं, रडवेलं किंवा अर्धवट झोपेतलं मूल पाय ताठ करतं, पाऊल खाली ओढलं जातं आणि माप तसंच उतरतं. मग स्प्लिंटमध्ये टाच बसत नाही आणि सगळा खर्च कपाटात जातो. माप घेण्याआधी खाऊ घाला, लघवीचं बघा, पोटऱ्या हळूहळू पाच मिनिटं ताणून द्या. टाच टेकली आहे का हे आईने स्वतः बोट घालून बघावं आणि टेकली नसेल तर पुन्हा घ्यायला सांगावं. असं सांगण्यात संकोच नको. ट्रायल शुक्रवारी मिळेल का हे माप देतानाच विचारा. मिळत नसेल तर मुक्काम वाढवू नका, शनिवारचं डायलिसिस ठरलेलं आहे. ट्रायलसाठी नंतर वेगळी फेरी करा.

गुरुवारी वडील चार तास खुर्चीत, सोबत मामा. मूल आईजवळ धर्मशाळेत, त्या दिवशी त्याला कुठेही हलवायचं नाही. डायलिसिसहून आल्यावर वडिलांनी एकदम उभं राहायचं नाही, आधी बसायचं. सुई काढलेल्या जागेवर मुलाच्या हाताचा झटका बसून रक्त सुरू झालं तर गॉजने बोटाचा दाब धरा, दहा ते पंधरा मिनिटं, मध्ये उघडून न बघता. फिस्टुलाची थरथर सकाळ-संध्याकाळ बोटांनी तपासा. ती लागली नाही तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी रुग्णालय. त्या हातावर बॅगेचा पट्टा, घड्याळ, बीपीचा पट्टा किंवा झोपलेल्या मुलाचं डोकं काहीही नको. शेवटचं पाळणं बापाला सर्वांत कठीण जातं. दुसरा हात आहे, त्यावर घ्या.

स्प्लिंट मिळालीच तर परतीच्या गाडीत घालून झोपवू नका. घरी पहिल्या दिवशी एक तास, आत सुती मोजा घालून. काढल्यावर टाच, घोटा आणि अंगठ्याच्या मुळाशी लाल खुणा बघा. वीस मिनिटांत गेल्या तर दुसऱ्या दिवशी दोन तास. तशाच राहिल्या तर घालणं बंद करा आणि खुणेचा फोटो काढून तंत्रज्ञाला दाखवा. पुढच्या फेरीत स्प्लिंटचा तो भाग गरम करून बाहेरच्या बाजूला फुगवता येतो.