पाकिटावरचं ‘एक सर्व्हिंग’ म्हणजे नेमकं किती?

पाकिटामागच्या पोषण-तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात. एक १०० ग्रॅमचा, दुसरा ‘एका सर्व्हिंग’चा, म्हणजे एका वेळी खायचा म्हणून धरलेल्या वाट्याचा. सगळी गोम या दुसऱ्या रकान्यात आहे. २५ ग्रॅमचं सर्व्हिंग धरलं की बिस्किटातली सॅच्युरेटेड फॅट २.५ ग्रॅम दिसते. पण चहाबरोबर ७५ ग्रॅम सहज संपतात, म्हणजे ७.५ ग्रॅम. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्याची मर्यादा साधारण २२ ग्रॅम (एकूण ऊर्जेच्या १० टक्के), त्यातला तिसरा हिस्सा इथेच गेला.

म्हणून दोन पाकिटांची तुलना करायची ती १०० ग्रॅमच्या रकान्यावरून, आणि पोटात किती गेलं याचा हिशेब आपण खरोखर खाल्लेल्या वजनावरून. पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघाच. डोळ्यांचा अंदाज अनेकदा कमी निघतो. सूपची पूड वगैरे असेल तर आकडे कोरड्या पुडीचे आहेत की पाणी घालून तयार केल्यानंतरचे, तेही बघा.

ब्रिटनच्या लाल-पिवळ्या-हिरव्या लेबलांचे निकष लक्षात ठेवायला सोपे आहेत. १०० ग्रॅम खाद्यपदार्थात सॅच्युरेटेड फॅट ५ ग्रॅमपेक्षा, साखर २२.५ ग्रॅमपेक्षा किंवा मीठ १.५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लाल. पेयांसाठी हे आकडे निम्मे.

मिठाच्या जागी सोडियम लिहिलेलं असेल तर अडीचने गुणा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे. जीभ इथे दगा देते. १०० ग्रॅममागे २,००० मिलिग्रॅम सोडियम असलेला खारट सॉस १० ग्रॅम घेतला तर अर्धा ग्रॅम मीठ जातं. ४५० मिलिग्रॅमवाला, अजिबात खारट न लागणारा ब्रेड १२० ग्रॅम खाल्ला की १.३५ ग्रॅम. रक्तदाब वाढवण्यात रोजच्या ब्रेडचा वाटा कधीतरीच्या सॉसपेक्षा मोठा असतो तो यामुळे.

पुढच्या बाजूचं ‘कोलेस्ट्रॉल-फ्री’ सरळ दुर्लक्षावं. वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल नावापुरतंच असतं. रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्ट्रॉल) वाढवते ती सॅच्युरेटेड फॅट, आणि पाम तेलात ती जवळपास निम्मी असते. ‘ट्रान्स फॅट ०’ याचाही अर्थ नियमानुसार बदलतो. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहिता येतं. अशा वेळी घटकांची यादी वाचा. ‘अंशतः हायड्रोजनेटेड तेल’ दिसलं तर पाकीट परत ठेवा, कारण त्यातली ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि वर एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्ट्रॉल) कमी करते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखरवर्गी घटकांचे साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन असे तुकडे केले की प्रत्येक नाव खाली सरकतं. बेरीज आपणच करायची.

फ्रान्सने २०१७ मध्ये स्वीकारलेला न्यूट्री-स्कोअर (पाकिटाच्या पुढच्या बाजूचं लेबल) हे सगळं ए (सर्वांत चांगलं) ते ई (सर्वांत वाईट) या एका अक्षरात बसवतो. ऊर्जा, साखर, सॅच्युरेटेड फॅट आणि मिठाचे वाईट गुण. त्यातून फायबर, प्रथिनं, फळं-भाज्या-डाळींचे चांगले गुण वजा. युरोपातल्या ७ देशांतल्या सुमारे ३,४५,००० लोकांवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. ज्यांच्या एकूण आहाराची गुणवत्ता या मोजमापाने खालची होती त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात थोडे जास्त आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे कारण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. शिवाय मोजला होता तो एकूण आहार, एखादं पाकीट नव्हे.

अक्षराची मर्यादाही इथेच आहे. ते एकाच प्रकारच्या दोन वस्तूंमध्ये निवड करायला उत्तम: दोन ब्रेड, दोन दही. पदार्थावर किती प्रक्रिया झाली हे ते मोजत नाही, आणि ‘बी’ मिळालेला नाश्ता दुप्पट खाल्ला तर मीठ-साखरही दुप्पटच जाते.