दोन रेझिस्टर आणि हरवलेले तीन व्होल्ट

चार दिवस या एकाच सर्किटवर गेले. ९ व्होल्टची बॅटरी आणि तिला एकापुढे एक जोडलेले १ मेगओहमचे दोन रेझिस्टर (पट्टे तपकिरी, काळा, हिरवा, सोनेरी), बस्स. बॅटरी मोजली: ९.२४. म्हणजे प्रत्येकावर ४.६२ यायला हवेत. मीटरने पहिल्यावर ३.०८ दाखवले. दुसऱ्यावरही ३.०८.

बेरीज ६.१६! किरचॉफचा व्होल्टेजचा नियम म्हणतो, सर्किटमधून पूर्ण फेरी मारून परत आलं की हिशेब शून्य व्हायलाच हवा. मग माझे तीन व्होल्ट गेले कुठे? ब्रेडबोर्ड बदलला, तारा पुन्हा खोचल्या, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून नवे रेझिस्टर आणले. आकडा हलेना.

शेवटी कागद घेऊन मधल्या जोडावर किरचॉफचा करंटचा नियम लावला (जोडात जेवढा करंट येतो, तेवढाच बाहेर जातो), आणि आकृतीत पहिल्यांदाच मीटरही काढला, खालच्या रेझिस्टरला समांतर. वरच्या रेझिस्टरवर ९.२४ − ३.०८ = ६.१६ व्होल्ट, म्हणजे त्यातून ६.१६ मायक्रोअँपिअर येतात. खालचा रेझिस्टर त्यातले ३.०८ नेतो. उरलेले ३.०८ जायला मीटरखेरीज वाटच नाही. म्हणजे माझ्या स्वस्तातल्या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहम! एक मेगओहमला समांतर एक मेगओहम, खाली उरला अर्धा. माझी दोन मोजमापं दोन वेगळ्या सर्किटांची होती आणि मी ती एकाच सर्किटची समजून मिळवत होतो.

खात्री करायला शेजारच्या काकांकडून तसाच दुसरा मीटर आणला आणि दोन्ही रेझिस्टरांवर एकाच वेळी लावले. ४.६२ आणि ४.६२. तो क्षण मी विसरणार नाही.

१० मेगओहमचा चांगला मीटरही इथे ४.४० च दाखवेल, तेव्हा मोठे रेझिस्टर मोजताना मीटर आकृतीत धराच. १० किलोओहमच्या जोडीवर मात्र माझ्याच मीटरने ४.६० दाखवले, तिथे फरक नगण्य.

किरचॉफने हे नियम १८४५ मध्ये, विद्यार्थी असताना मांडले.

पुढच्या आठवड्यात व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे अनोळखी रोध मोजायचं चार रेझिस्टरांचं सर्किट. तो समतोलात आला की मधल्या मीटरमधून करंट जातच नाही, म्हणजे तिथे माझा हा एक मेगओहमचा मीटरही बिनघोर चालेल.